कुलूप, छंद आणि कायदा

लंडनच्या पिकॅडिली भागांत ब्रामा यांच्या दुकानाच्या खिडकींत एक कुलूप मांडलेलें असे. किल्लीवांचून तें उघडणाऱ्यास २०० गिनींचें बक्षीस जाहीर होतें. १८५१ सालीं हॉब्ज नांवाच्या अमेरिकन कुलूपतज्ज्ञानें १६ दिवसांत मिळून सुमारें ५१ तास खपून तें उघडलें आणि बक्षीस मिळविलें. गंमत अशी, कीं त्याच वर्षीं इंग्लंडांत एक कायदा झाला व त्यानें रात्रीच्या वेळीं योग्य कारणावांचून कुलूप उघडण्याचीं हत्यारें जवळ बाळगणें हा गुन्हा ठरविला. हत्यार एकच, मग गुन्हा कशांत?

गुन्हा मुख्यतः हेतूंत आहे. १९६८ च्या इंग्रजी चोरीविषयक कायद्यानें रात्रीची अट काढून टाकली. चोरी किंवा घरफोडी करण्यासाठीं एखादी वस्तु राहत्या घराबाहेर जवळ बाळगल्यास तीन वर्षांपर्यंत कैद होऊं शकते. घरांत बसून कुलपांशीं झटणाऱ्या छांदिष्टास हें कलम आड येत नाहीं. जपाननें मात्र २००३ सालीं निराळा मार्ग धरला. तेथें धंदा किंवा अन्य योग्य कारण नसतां अशीं खास साधनें नुसतीं बाळगणेंहि दंडनीय आहे.

आपल्याकडील १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्याचें, म्हणजे आतांच्या महाराष्ट्र पोलीस कायद्याचें, १२२ वें कलम जुन्या इंग्रजी घाटाचें आहे. सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत कोणाजवळ घरफोडीचें हत्यार सांपडलें, तर तें बाळगण्यास कायदेशीर कारण आहे हें त्यानेंच सिद्ध करावयाचें असतें. एरवीं फौजदारी खटल्यांत शाबितीचा भार सरकारवर असतो. येथें तो उलटा फिरतो. पहार गवंड्याजवळहि असते आणि वाकडी तार किल्लीवाल्याजवळहि. परंतु त्यांचा धंदाच त्यांच्या वतीनें बोलतो. छांदिष्टाच्या वतीनें बोलणारें कोणी नसतें.

म्हणून त्यानें हत्यारें घरीं ठेवावीं, स्वतःच्या मालकीच्या कुलपांवरच हात चालवावा, आणि बाहेर नेण्याचा प्रसंग आलाच तर दिवसाउजेडीं, कोठें व कशासाठीं हें सांगतां येईल अशा रीतीनें न्यावीं. चोराच्या मनांत चांदणें, अशी म्हण आहे. पण पहाऱ्यावरील शिपायास कोणाचेंच मन दिसत नाहीं, पिशवींतली तार तेवढी दिसते. त्या तारेचा सरळ खुलासा देतां येणें, हेंच निरपराध माणसाचें खरें संरक्षण होय.