हजेरीपटातले हरवलेले दगडू

वर्षाच्या पहिल्या तासाला हजेरी घेताना मला एक खोड आहे. नावे वाचता वाचता मी जुनी नावे शोधते. यंदा साक्षी, ऋतुजा, प्रणव, सिद्धी हवे तेवढे निघाले. दगडू, धोंडू, केरू, भिकू मात्र एकही नाही! मराठीच्या मास्तरणीला याची हळहळ वाटावी. पण मला बरेच वाटते. ही नावे कुणी हौसेने ठेवली नव्हती. आधीची मुले हाती लागली नाहीत, की पुढच्याला दगड म्हणायचे, केर म्हणायचे. म्हणजे काळाची नजर त्याच्यावर पडायची नाही, ही बिचाऱ्या आईची समजूत.

माझे आजोबा असेच दगडू. त्यांच्या आधीची चार भावंडे पाळण्यातच गेली होती. आजच्या भारताच्या हद्दीपुरते पाहिले, तर १९११ च्या शिरगणतीत माणसे होती सुमारे २५.२ कोटी आणि १९२१ मध्ये २५.१ कोटी. घरोघर पाळणे हलत होते, तरी दहा वर्षांत देश तसूभर वाढला नाही. १९१८ च्या इन्फ्लुएंझाने तर गावेच्या गावे ओस पाडली.

त्याच १९२१ साली र. धों. कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. पुढे त्यांना प्राध्यापकी सोडावी लागली. लोकांनी त्यांची टर उडवली, ती केवळ सोवळेपणामुळे, असे आपण म्हणतो. मला वाटते, आणखी एक कारण होते. निम्मी मुले डोळ्यांदेखत जाताना पाहिलेल्या बाईला ‘थोडी पुरेत’ हे पटावे तरी कसे?

आजीच्या संसारात चित्र पालटले. देवीची लस गावोगाव पोहोचली, १९५३ पासून हिवतापाविरुद्ध डीडीटीची फवारणी सुरू झाली, नवी औषधे आली. आजीला आठ मुले झाली आणि आठही जगली! मृत्यू मागे हटल्याची वर्दी पाळण्याला कुणी दिलीच नव्हती. “अगं, एवढी राहतील असं कुणाला वाटलं होतं?” असे ती म्हणे. १९५१ चे ३६ कोटी १९८१ पर्यंत ६८ कोटी झाले, ते अशा घराघरांतून. शहाणी माणसे त्याला अडाणीपणा म्हणत. मला तर तो पोळलेल्या आईचा सावधपणा वाटतो.

आई मॅट्रिक झाली, नोकरीला लागली; तिला आम्ही दोघीच. ‘दुसरीही मुलगीच का?’ हे तिने किती वर्षे ऐकले! घरे लहान झाली, मुलाचा हट्ट मात्र लहान झाला नाही. २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात ‘नकुशा’ नावाच्या मुलींना समारंभाने नवी नावे द्यावी लागली. दगडू हे नाव मूल जगावे म्हणून असे. नकुशा कशासाठी, ते सांगायला नको.

२०१९–२१ च्या पाहणीत महाराष्ट्रात एका बाईमागे सरासरी १.७ मुले निघाली. लोकसंख्या आहे तेवढी राहायला सुमारे २.१ लागतात.

आजी शेवटी अंथरुणाला खिळली, तेव्हा तिच्याजवळ बसायला आठ मुलांत पाळ्या लागत; डबा कुणी न्यायचा यावर भांडणेही होत. गेल्या श्रावणात आई आजारी पडली. आम्ही बहिणींनी रात्री वाटून घेतल्या. माझी मुलगी एकुलती एक. एका पहाटे मी दवाखान्यातून परतले, तर चहाचा कप पुढे करीत ती म्हणाली, “आई, तुझ्या वेळी मी कुणाशी वाटून घेऊ गं?”

मी चहा घेतला आणि नऊच्या तासाला निघाले.