युनिक्स वर्कस्टेशनसाठी सुसंगत हार्डवेअरची निवड

युनिक्स वर्कस्टेशनसाठी सुसंगत हार्डवेअरची निवड म्हणजे लिनक्स, फ्रीबीएसडी, ओपनबीएसडी यांसारख्या युनिक्सकुळातील संचालन प्रणाली ज्यांवर विनासायास चालतील, असे सुटे भाग पारखून वैयक्तिक संगणक जुळवणे होय. विंडोजसाठी ड्रायव्हर बहुधा उत्पादकच देतो. युनिक्सकुळात तो अनेकदा स्वयंसेवकांना लिहावा लागतो. ड्रायव्हर नसेल, तर उत्तम आणि महागडा भागही निरुपयोगी ठरतो.

== पार्श्वभूमी ==
सन किंवा एचपी यांच्या वर्कस्टेशनवर हा प्रश्न फारसा उद्भवत नसे, कारण यंत्र आणि युनिक्स एकाच कंपनीचे असत. इंटेल ३८६ प्रोसेसर (१९८५) आल्यावर स्वस्त पीसीवर युनिक्स चालू लागले. भारतीय कार्यालयांत एससीओ युनिक्स असलेल्या एका पीसीला अनेक टर्मिनल जोडलेली असत. त्यासाठी लागणारे सिरियल पोर्टचे कार्ड एससीओला ओळखता येणारेच घ्यावे लागे. लिनक्स (१९९१) आणि ३८६बीएसडी (१९९२) यांच्यानंतर ही पारख विद्यार्थ्यांवर व घरगुती ग्राहकांवर आली.

== नाव नव्हे, चिप ==
सुसंगतता ठरते ती खोक्यावरील नावावरून नव्हे, तर आतील चिपवरून. टीपी-लिंकच्या टीएल-डब्ल्यूएन७२२एन या वायफाय अ‍ॅडॅप्टरच्या पहिल्या आवृत्तीत अ‍ॅथेरॉसची चिप होती आणि लिनक्सवर ती सहज चाले. दुसऱ्या आवृत्तीत, नाव तेच ठेवून, रिअलटेकची चिप आली. केवळ नाव पाहून घेणाऱ्याच्या हाती वेगळीच वस्तू पडते. पीसीआय व यूएसबी उपकरणांना उत्पादक-क्रमांक आणि उपकरण-क्रमांक असतो. पीसीआयमध्ये इंटेलचा उत्पादक-क्रमांक ८०८६ आहे. प्रसिद्ध प्रोसेसरचेच हे नाव योगायोगाने आलेले नाही. लिनक्सवर ‘एलएसपीसीआय’ व फ्रीबीएसडीवर ‘पीसीआयकॉन्फ’ या आज्ञांनी हे क्रमांक दिसतात आणि त्यांवरून ड्रायव्हर शोधता येतो.

== ग्राफिक्स आणि वायफाय ==
इंटेल व एएमडी यांच्या ग्राफिक्सचे मुक्त ड्रायव्हर लिनक्स कर्नलमध्येच असतात. फ्रीबीएसडीने तेच आपल्याकडे रूपांतरित केले आहेत. एनव्हिडियाचे बंदिस्त ड्रायव्हर वेगवान असले, तरी जुन्या कार्डांचा पाठिंबा कालांतराने थांबतो. त्रिमितीय गणनेचे काम नसेल, तर प्रोसेसरमधील अंगभूत ग्राफिक्स पुरेसे आणि कमी कटकटीचे. वायफायसाठी इंटेलची चिप तुलनेने निर्धोक. ब्रॉडकॉमची शक्यतो टाळावी.

अनेक चिपना ड्रायव्हरखेरीज फर्मवेअरही लागते. ते मुक्त नसल्याने डेबियनच्या अधिकृत माध्यमात पूर्वी नसे. १२व्या आवृत्तीपासून (२०२३) ते समाविष्ट झाले. सी-डॅकची ‘बॉस’ ही भारतीय प्रणाली डेबियनवर आधारित आहे. मात्र कोणत्याही वितरणातील कर्नल जुने असेल, तर नुकतीच बाजारात आलेली चिप त्याला ओळखता येत नाही. म्हणून वर्ष-दोन वर्षे जुने मॉडेल घेणे येथे शहाणपणाचे असते, आणि ते स्वस्तही पडते.

== बायोस, छपाई, वीज ==
डिस्क ‘आरएसटी’ किंवा ‘रेड’ पद्धतीवर ठेवलेली असल्यास काही संगणकांत इन्स्टॉलरला ती दिसतच नाही. बायोसमध्ये ‘एएचसीआय’ निवडावे लागते. फ्रीबीएसडीसाठी सिक्युअर बूटही बंद करावे लागते. प्रिंटर पोस्टस्क्रिप्ट जाणणारा किंवा ड्रायव्हरविना छपाई करणारा घ्यावा. भारतीय कार्यालयांत सर्रास दिसणारा कॅनन एलबीपी-२९०० ‘कॅप्ट’ ही कंपनीची स्वतःची भाषा वापरतो, त्यामुळे तो युनिक्सकुळात त्रासदायक ठरतो. मराठवाड्यात वीज अचानक जाण्याचा अनुभव नवा नाही. यूएसबी जोडणी असलेला यूपीएस घेतल्यास ‘नट’ हे सॉफ्टवेअर बॅटरी संपण्यापूर्वी संगणक व्यवस्थित बंद करते. स्वस्त यूपीएसमध्ये ही जोडणी बहुधा नसते.

== खरेदीपूर्व तपासणी ==
छत्रपती संभाजीनगरसारख्या शहरात विद्यार्थी बहुधा दुकानातच सुटे भाग जुळवून संगणक घेतात. दुकानदार विंडोज गृहीत धरतो, हे लक्षात ठेवावे. पैसे देण्यापूर्वी लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून तो संगणक सुरू करून ध्वनी, वायफाय, पडद्याचे रिझोल्यूशन आणि निद्रावस्थेतून परत येणे या गोष्टी तपासाव्यात. शेवटची गोष्ट लॅपटॉपमध्ये सर्वाधिक वेळा अडते. देवनागरी टंकलेखनासाठी मात्र वेगळा कीबोर्ड लागत नाही, कारण इनस्क्रिप्ट मांडणी सॉफ्टवेअरमध्येच असते.