खर्जाच्या सुरासाठी स्पीकरची पेटी – घरच्या घरी!

मैत्रिणींनो, भाजीत मीठ बरोबर पडलं की त्याचं कुणी नाव काढत नाही. पण ते नसलं तर पहिल्या घासालाच कळतं. गाण्यातल्या खर्जाचंही असंच आहे. हा खर्ज सांभाळणारं आजचं वाद्य म्हणजे बेस गिटार. लांब मान आणि बहुधा चारच जाड तारा. सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. लिओ फेंडर यांनी १९५१ साली अमेरिकेत हे विजेवर वाजणारं वाद्य बाजारात आणलं. आपल्या कानांनाही ते परकं नाही. राहुलदेव बर्मन यांच्या कितीतरी गाण्यांत टोनी वाझ यांची बेस गिटार आहे. स्वयंपाक करता करता आपण ती रेडिओवर ऐकत आलो, नाव तेवढं ठाऊक नव्हतं.

आमच्या मोठ्या दिरांच्या मुलीला याच वाद्याचा नाद लागला. कॉलेजच्या ग्रुपमध्ये ती एकटीच मुलगी. घरी सरावाला असलेला छोटा स्पीकर ड्रमपुढे पार दबून जायचा. शेवटी मुलांनी सुनावलं, "तुझं काही ऐकूच येत नाही. तू कोरसला उभी राहा, खर्ज आम्ही कीबोर्डवर काढू." रडवेली होऊन माझ्याकडे आली, "काकू, माझा हात वाईट नाही गं, आवाजच पोहोचत नाही." खरंच होतं ते. तयार स्पीकर-पेटीची चौकशी केली, तर माझ्या अर्धवेळ नोकरीचे कित्येक महिन्यांचे पगार त्यात गेले असते. मग ठरवलं, अ‍ॅम्प्लिफायर ग्रुपकडे आहेच. पेटी आपण करू.

पेटी लागते कशाला?

हा प्रश्न तुम्हालाही पडला असेल. नुसता स्पीकर तारेला जोडला तर आवाज येत नाही का? येतो, पण खर्ज येत नाही. स्पीकरचा कागदी पडदा पुढे सरकला की पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. ४१ कंपांच्या सुराची एक लाट जवळजवळ सव्वाआठ मीटर, म्हणजे सत्तावीस फूट लांब असते. इतक्या लांब लाटेपुढे बारा इंची स्पीकर तो काय! मागची हवा सहज वळसा घालून पुढे येते आणि पुढच्या लाटेला पुसून टाकते. म्हणून मागची हवा कोंडायची. पेटीचं मुख्य काम तेवढंच.

इथे एक गोष्ट मनात पक्की करा. तंबोऱ्याचा भोपळा घुमावा म्हणून असतो. मिरजेच्या सतारी-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते पिढ्यान्‌पिढ्यांच्या अशाच कारागिरीमुळे. स्पीकरच्या पेटीने मात्र घुमायचं नाही, थरथरायचं नाही, गप्प राहायचं. गाणार स्पीकर, पेटी मुकी! पुढची सारी कृती या एका वाक्यातून निघते.

सागवान का नको?

आमचा जिल्हा सागाचा. त्यामुळे घरात जो तो म्हणे, "यवतमाळात राहून प्लायवूड आणता?" पण रुंद फळी, मग ती सागाची का असेना, हवेतल्या ओलाव्याने आडवी फुगते आणि आक्रसते. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीकडे जातो, अंगणातली माती भेगाळते. जुलैत कपडे वाळत नाहीत. अशा हवेत फळ्यांचे सांधे उलतात आणि पेटीतून हवा सुटते. प्लायवूडमध्ये लाकडाचे पातळ थर एकमेकांवर आडवे-उभे चिकटवलेले असतात, म्हणून ते कोणत्याच बाजूला फारसं हलत नाही. आतल्या रिपांसाठी मात्र सागाच्या पट्ट्या जरूर वापरा.

साहित्य

१८ मिलिमीटर जाडीचं चांगलं प्लायवूड ४ × ४ फूट, म्हणजे अर्धी शीट. इंच × इंच रिपा. लाकडाचा पांढरा सरस. दीड इंची स्क्रू. बारा इंची ८ ओहमचा स्पीकर. दीड चौरस मिलिमीटरची दुपदरी तांब्याची वायर. पाव इंची जॅक. जुन्या उशीतला पॉलिएस्टर फायबर. दोन मुठी आणि रबरी पाय.

स्पीकर बेस गिटारसाठी किंवा सभा-समारंभांच्या ध्वनिव्यवस्थेसाठी बनवलेलाच घ्या. मोटारीतला वूफर बहुधा जास्त वॅट खाऊन कमी आवाज देतो. सोबतचं पत्रक फेकू नका. नेव्हिल थील यांनी १९६१ साली आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७०च्या दशकात स्पीकर आणि पेटी यांचं गणित बसवून दिलं. त्यांच्या नावाने ओळखले जाणारे आकडे पत्रकात असतात. पुष्कळदा बंद पेटी किती लिटरची हवी तेही लिहिलेलं असतं. पेटी लहान पडली तर खोल खर्ज आधीच गळतो आणि उरलेला आवाज बदबदतो. भोकाची, म्हणजे नळी बसवलेली पेटी जास्त आवाज देते, पण तिचं गणित नाजूक. पहिल्या खेपेला बंद पेटीच बरी.

मापं

आमच्या स्पीकरला साधारण ६५ लिटर हवे होते. पेटी बाहेरून ४६ सेंटिमीटर रुंद, ५१ उंच आणि ३८ खोल धरली. तुकडे असे: बाजू दोन, ५१ × ३८, वरचा आणि खालचा, ४२.४ × ३८. पुढचा आणि मागचा, ४२.४ × ४७.४. आतली जागा ४२.४ × ४७.४ × ३४.४, म्हणजे सुमारे ६९,००० घनसेंटिमीटर. हजार घनसेंटिमीटरचा एक लिटर, तेव्हा ६९ लिटर झाले. त्यातून रिपा आणि स्पीकरने अडवलेली जागा वजा करायची. सहाही तुकडे अर्ध्या शीटमध्ये बसतात आणि वर एक पट्टी उरते.

कृती

सरळ काप सुतारांच्या मशीनवर करून घेतले तर सांधे नेमके बसतात. आमचे मिस्त्री आधी हसलेच. "बाई, तुमी काहून या भानगडीत पडता? मी देतो ना पुरी पेटी करून." मी म्हटलं, "काप तुमचे, जोडणी आमची." अर्ध्या तासात तेच पुतणीला गुण्या कसा धरायचा ते दाखवत होते.

स्पीकरचं भोक घरी कापलं. रांगोळीचं वर्तुळ काढतो तसं मधोमध खिळा आणि दोऱ्याला पेन्सिल. लक्षात ठेवा, स्पीकर बारा इंची असला तरी भोक त्याहून लहान, साधारण २८ सेंटिमीटर व्यासाचं असतं. स्वतःचा स्पीकर मोजूनच आखा. ड्रिलने आतल्या बाजूला एक छिद्र पाडून त्यातून जिगसॉ फिरवायचा. पदर किंवा ओढणी खोचलेली, बांगड्या काढून ठेवलेल्या, डोळ्यांवर चष्मा, नाकावर मास्क. लाकडाचा भुसा फुप्फुसांना फार वाईट, यात हयगय नको.

आता बाजू, वरचा आणि खालचा तुकडा यांची चौकट जोडा. आधी बारीक छिद्र पाडून मग स्क्रू, दर चार-पाच इंचांवर. सांध्याला सरस भरपूर लावा. थोडा बाहेर आला म्हणजे समजा, पुरेसा आहे. क्लॅम्प नसले तर सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या ताणून गुंडाळा. सरस ओला असतानाच चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही सारखे, आमच्या मापात सुमारे ६८.७ सेंटिमीटर, आले की काटकोन साधला.

मग पुढच्या आणि मागच्या कडेपासून १८ मिलिमीटर आत चारही बाजूंनी रिपा ठोका आणि त्यांवर पुढची-मागची फळी सरसाने व स्क्रूंनी बसवा. दोन्ही बाजूंच्या मधोमध सागाची एक आडवी दांडी घाला, म्हणजे मोठ्या फळ्या थरथरत नाहीत. पेटी वाळली की बुक्की मारून पाहा. ढोलकीसारखी वाजली तर आणखी एक दांडी घाला. टक्‌ असा कोरडा आवाज आला की जमलं.

आत फायबर सैल पिंजून भरा. आपल्या कापसाच्या जिल्ह्यात कापूस भरायचा मोह होतो, पण तो ओल धरतो आणि त्याचे गोळे होतात. लाल वायर स्पीकरच्या अधिक खुणेला लावा. स्पीकरच्या कडेखाली फोमची पट्टी ठेवून स्क्रू आवळा. शेवटी परीक्षा: पडदा बोटांनी अलगद आत दाबा आणि सांध्यांजवळ उदबत्ती धरा. धूर हलला तिथे हवा सुटते. तिथे सरसात भुसा कालवून भरा.

विजेची काळजी

बेस गिटारच्या तारा धातूच्या आणि वाजवणारीचे हात सतत त्यांवर. म्हणून अ‍ॅम्प्लिफायर अर्थिंग असलेल्या तीन पिनांच्या सॉकेटवरच लावा. जुन्या घरांत तिसरं भोक नुसतं नावाला असतं, तेव्हा आधी वायरमनकडून तपासून घ्या. अ‍ॅम्प्लिफायरवर किमान किती ओहम लिहिलेत ते वाचा, त्याहून कमी ओहमचा स्पीकर जोडू नका. आणि पेटीला गिटारची बारीक वायर नव्हे, स्पीकरचीच जाड वायर हवी.

आमची पेटी वीसेक किलोची झाली. म्हणूनच दोन मुठी! खर्च तयार पेटीच्या तिसऱ्या हिश्श्यात भागला. पण खरी कमाई पहिल्या तालमीला झाली. खालची तार वाजली आणि ड्रमवाल्या मुलाने मान वळवून पाहिलं. स्नेहसंमेलनात पुतणी कोरसला उभी राहिली नाही. आपल्या जागी, आपलं वाद्य घेऊन उभी राहिली. घरातल्यांना सगळं गाणं समजलं असं नाही, पण "आज भरून आल्यासारखं वाटलं," असं सासूबाई म्हणाल्या. खर्जाचं याहून चांगलं वर्णन मी ऐकलेलं नाही.

एक शेवटची सूचना. खर्ज भिंतीतून शेजारी जातो. निवासी भागासाठी २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे, आणि रात्री दहानंतर उघड्यावर स्पीकर चालत नाही. शेजारणीच्या मुलाची परीक्षा असेल तर त्याआधीच बंद करा. पेटीखाली रबरी पाय आणि जुनी सतरंजी घातली की जमिनीतून जाणारा धमधमाटही कमी होतो.

आणि हो, ती उरलेली पट्टी टाकून देऊ नका. आमच्याकडे तिची मसाल्याच्या डब्यांसाठी फळी झाली. तीही पुतणीनेच बसवली.