बांधावरचा विस्तार

महाराष्ट्रातल्या कृषिविस्ताराचा इतिहास बहुतेक जण हरितक्रांतीपासून सांगायला घेतात. मला ते मान्य नाही. संकरित ज्वारीचे आणि वसंतराव नाईकांच्या जिद्दीचे मोल मोठेच आहे. पण आपली बहुतांश शेती कोरडवाहू, आणि कोरडवाहू शेतकऱ्याला काही सांगायचे तर आधी त्याच्या जमिनीचा उतार पाहावा लागतो. हे शहाणपण आपल्याकडे फार आधी आले होते. 1923 मध्ये मांजरीला कोरडवाहू शेतीचे प्रयोग सुरू झाले, 1933 मध्ये सोलापूरला संशोधन केंद्र उभे राहिले. बांधबंदिस्ती, उताराला आडवी मशागत, विरळ पेरणी, वेळेवर कोळपणी ही तिथले शास्त्रज्ञ कानिटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांची शिकवण आजही एखाद्या कृषी सहायकाने शेतकऱ्याला जशीच्या तशी सांगितली तरी चालेल.

1952 च्या 2 ऑक्टोबरला समूह विकास कार्यक्रम आला, पुढच्याच वर्षी राष्ट्रीय विस्तार सेवा, 1962 मध्ये जिल्हा परिषदा. यावर भरपूर लिहिले गेले आहे. ग्रामसेवकाच्या गळ्यात शेतीपासून कुटुंबनियोजनापर्यंत सगळे घातले आणि शेती मागे पडली, इतके नोंदवून पुढे जातो.

डॅनियल बेनॉर यांनी आखलेल्या आणि जागतिक बँकेने उचलून धरलेल्या ‘प्रशिक्षण व भेट’ पद्धतीची मात्र बाजू घेतली पाहिजे. ती परक्यांची नक्कल होती, कर्जाच्या पैशावरची चैन होती, असे आमच्या पिढीतले काही विद्वान अजून लिहितात. त्यांनी तेव्हाची गावे पाहिली नसावीत. ठरलेल्या वारी ठरलेल्या गावात कृषी सहायक येणार, संपर्क शेतकऱ्याच्या रानात उभा राहून त्या पंधरवड्याचे काम सांगणार, आणि त्याच्या हातात अनुदानाचा एकही कागद नसणार. संपर्क शेतकरी बहुधा गावातले वजनदार असत, हा आक्षेप खरा आहे. तरीही फक्त शिकवण्यासाठी नेमलेला माणूस गावाला तेव्हाच मिळाला. त्याआधी मिळाला नव्हता, नंतरही नाही.

आता माझ्या जिव्हाळ्याच्या विषयाकडे येतो. 1972 च्या दुष्काळात लाखो हात खडी फोडत होते. ते पाहून विलासराव साळुंखे हा पुण्याचा अभियंता-उद्योजक पुरंदरच्या नायगावात देवस्थानाची सुमारे 40 एकर माळजमीन घेऊन बसला. वर बांध, खाली पाझर तलाव, त्याच्या खाली विहीर. त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम विस्तारकार्याच्या प्रत्येक प्रशिक्षणात शिकवायला हवेत: पाणी जमिनीच्या नव्हे, माणसांच्या हिशेबाने, माणशी अर्धा एकर, भूमिहीनालाही हक्क, ऊस नाही. साखरपट्ट्याला लागून असलेल्या तालुक्यात हे बोलणे म्हणजे धाडस होते.

शासनानेही 1983 पासून सर्वंकष पाणलोट विकास हाती घेतला. त्या काळातली शिवारफेरी अजून आठवते. मृदसंधारणाचा माणूस डंपी लेव्हल घेऊन पुढे, मागे सरपंच, चार म्हातारे, गुराखी पोरे. पावसाचे पाणी कुठून उतरते आणि कुठे माती ओढते, हे गुराख्याला नकाशापेक्षा अचूक ठाऊक असायचे. आधी माथ्यावर सलग समतल चर, मग उतारावर अनघड दगडांचे बांध, मग वहितीत बांधबंदिस्ती, आणि सगळ्यांत शेवटी नाल्यावर बांध. हा क्रम मोडला की खालचा बांध गाळाने भरलाच म्हणून समजा.

फादर हर्मन बाखर यांच्या पुढाकाराने नगर जिल्ह्यात सुरू झालेल्या इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमाने त्यात आणखी एक भर घातली. प्रत्येक गटनंबरात त्या शेताच्या मालकाला आणि त्याच्या बायकोला उभे करून, त्यांच्या तोंडून आराखडा घ्यायचा. नवरा विहिरीचे बोलायचा. ती चाऱ्याचे, सरपणाचे आणि हंड्याचे बोलायची. हिवरे बाजारला सरपंच पोपटराव पवारांच्या काळात गावाने त्यापुढचे पाऊल टाकले. पाऊस मोजायचा, पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडायचा आणि त्यावरून पिके ठरवायची. शेतीसाठी बोअर नाही, ऊस-केळी नाही. नैसर्गिक संपत्तीची राखण याला म्हणतात, आणि ती कुठल्याही योजनेच्या मुदतीबरोबर संपत नाही.

कृषी विज्ञान केंद्रे झाली, 2005 मध्ये ‘आत्मा’ (कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापन यंत्रणा) योजना आली. काही केंद्रे उत्तम चालतात, ‘आत्मा’ बहुतेक ठिकाणी सहली आणि मेळाव्यांत अडकली. शेतीशाळा चांगली कल्पना; पण ती पेरणीपासून काढणीपर्यंत एकाच शेतात भरली तरच.

पुढची कथा उतरणीची आहे. 2014 च्या अखेरीस जलयुक्त शिवार आले, तेव्हा आम्हाला आनंद झाला होता. पण माथा सोडून जेसीबी थेट नाल्यात उतरले. खोलीकरणाची छायाचित्रे निघाली, डोंगरावर चर निघाले नाहीत. योजनेवर नऊ हजार कोटींहून अधिक खर्च होऊनही भूजल वाढल्याचे फारसे दिसत नाही, हे 2020 मध्ये महालेखापरीक्षकांनी (कॅग) लिहिले. 2017 मध्ये मृद व जलसंधारणाचे वेगळे खाते झाले आणि माती एकाकडे, पीक दुसऱ्याकडे अशी वाटणी झाली. शेतात ती तशी नसते.

कृषी सहायकाचे आता सहायक कृषी अधिकारी झाले आहे. नाव वाढले, रानातले दिवस घटले. महाडीबीटीचे अर्ज, पीएम किसानच्या दुरुस्त्या, नुकसानीचे पंचनामे यांत त्याचा खरीप संपतो. तरुण मुले हुशार आहेत, तळमळीचीही आहेत. त्यांना दोष देणे अन्याय होईल. मोबाइलवर सल्ला पोचतो, मग माणूस कशाला, असे म्हणणारे हल्ली पुष्कळ आहेत. मोबाइल पावसाचा अंदाज सांगतो, किडीचे चित्र दाखवतो, त्याचा उपयोग करावाच. पण दोन भावांतला बांधाचा वाद मिटवून वरच्याचे पाणी खालच्याच्या शेतातून वाट करून देण्याचे काम तिथे उभ्या असलेल्या माणसालाच करावे लागते.

म्हणून मागणी एकच आहे. अर्ज आणि पंचनाम्यांसाठी वेगळी माणसे नेमा, आणि कृषी सहायकाला आठवड्यातले निदान तीन दिवस फक्त शिवारासाठी द्या. वाचकांपैकी ज्यांचे गावाकडे रान आहे, त्यांनी येत्या उन्हाळी ग्रामसभेत शिवारफेरीचा ठराव मांडावा. त्यासाठी कोणाच्या मंजुरीची गरज नाही.