टिनाचा कूलर

ज्या यंत्रावाचून वऱ्हाडातील वैशाख आज कोणास सोसवत नाही, त्या टिनाच्या कूलरचा कर्ता कोण, असा प्रश्न अमरावती जिल्ह्यातील मोर्शीच्या बाजारात विचारला, तर ज्याने घरचा कूलर घडविला त्या पत्रेवाल्याच्या दुकानाकडे बोट दाखविले जाईल. आणि एका अर्थी ते उत्तर बरोबरच आहे.

कल्पना अर्थातच त्याची नव्हे. अबुल फजलने ‘ऐन-इ-अकबरी’त वाळ्याच्या मुळ्यांनी वेढलेल्या व पाणी शिंपडून गार केलेल्या खोल्यांचा उल्लेख केला आहे. इंग्रजी अमदानीत कचेऱ्यांच्या व बंगल्यांच्या दारांना वाळ्याच्या ताट्या बांधून त्यांवर पाणी मारण्यास नोकर ठेवण्याचा रिवाज पडला. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तर उत्तर हिंदुस्थानातील गोऱ्या अंमलदारांनी धान्य उफणण्याच्या यंत्राच्या धर्तीवर हाताने फिरवावयाचा पंखा पेटीत बसविला, पेटीला ओल्या ताट्या लावल्या आणि त्या सरंजामास ‘थर्मँटिडोट’ असे भारदस्त नाव दिले. आजच्या कूलरचे बहुतेक अवयव त्यात हजर होते. उणीव होती ती विजेची, आणि पदरी पंखा फिरविणारा माणूस नसलेल्या सामान्य गृहस्थाचा विचार करण्याची. विसाव्या शतकात अमेरिकेतील ॲरिझोनासारख्या रुक्ष मुलखात विजेच्या पंख्याचे असे कूलर घरोघर आले. आपल्याकडे गावात वीज स्थिरावल्यावर ही वस्तू कारखान्याच्या मालापेक्षा गल्लीतल्या कारागिराच्या हातची म्हणूनच अधिक रुजली.

पत्रेवाला गिऱ्हाइकाला प्रथम खिडकीचे माप विचारतो, कारण पेटी खोलीबाहेर राहून तिचे तोंड मात्र खिडकीत चपखल बसले पाहिजे. लोखंडी अँगलचा सांगाडा, तळाशी पाण्याची टाकी, पुढे पंखा, उरलेल्या तिन्ही बाजूंस तिरप्या पट्ट्यांची दारे आणि त्या दारांत जाळीने आवळलेल्या ताट्या, असा हा संसार असतो. टाकीतला लहानसा पंप पाणी वर चढवितो आणि माथ्यावरच्या पन्हळीला ओळीने पाडलेल्या छिद्रांतून ते ताट्यांवर पाझरते. एखादे छिद्र पाण्यातील क्षाराने बुजले, की त्याखालची ताटीची पट्टी कोरडी राहते आणि पंखा, तिथे अडथळा कमी म्हणून, नेमकी तिथूनच गरम हवा ओढून घेतो. ‘कूलर थंड करीत नाही’ या तक्रारीचे मूळ पुष्कळदा एवढ्याशा छिद्रात असते, आणि तारेचा तुकडा घेऊन ते मोकळे करणारी गृहिणी ही त्या घरातील खरी यंत्रज्ञ होय.

या पेटीचे सामर्थ्य हवेच्या रुक्षतेत आहे. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता शोषली जाते. पारा ४४ अंशांवर आणि हवेतील आर्द्रता १५ टक्क्यांवर असता चांगल्या ताट्यांचा कूलर २८-२९ अंशांची हवा देऊ शकतो, तोही पंखा व पंप यांच्या अल्प विजेवर. मात्र खोलीत आलेल्या ओलसर हवेला बाहेर पडण्यास समोरची खिडकी उघडी हवी. गारवा पळून जाईल या भयाने दारे-खिडक्या लावून बसणाऱ्यास तासाभरात घामाने चिकचिकाट होतो. मृगाचा पाऊस पडून हवा दमट झाली की हे सारे सामर्थ्य ओसरते, आणि मग कूलर म्हणजे केवळ आवाज करणारा पंखा.

त्याची तहान मात्र मोठी. मोर्शी-वरूड हा संत्र्याचा पट्टा बोअरवेलच्या अतिरेकी उपशामुळे भूजलाच्या बाबतीत संकटग्रस्त ठरलेला. सिंभोऱ्याला ऊर्ध्व वर्धा धरणाचा जलाशय जवळ आहे खरा, पण अमरावती शहराचे पिण्याचे पाणीही तिथूनच जाते, म्हणजे त्या शहरातल्या कूलरांच्या टाक्याही अखेर मोर्शीच्या शेजारीच भरतात.

दोष आणखीही आहेत, आणि ते क्षुल्लक नव्हेत. टाकीत साचलेल्या पाण्यात डेंग्यूच्या डासांची पैदास होते, म्हणून आठवड्यातून एक दिवस टाकी कोरडी करण्याची ताकीद आरोग्य खाते देत असते. त्याहून भयंकर म्हणजे पत्र्यात उतरणारा करंट: अर्थिंग नाही, वायर सोललेली, पायाखाली ओल, आणि पंप चालू असताना पाणी भरावयास गेलेले माणूस पत्र्याला चिकटते. विदर्भातील उन्हाळ्यात अशा मृत्यूंच्या बातम्या वारंवार येतात. प्लग काढल्याखेरीज टाकीस हात लावू नये, हा नियम पेटीवर ठळक अक्षरांत रंगविण्याची तजवीज एकाही कारागिराने केलेली दिसत नाही, याचे मला नवल वाटते.

अलीकडे प्लॅस्टिकचे कूलर आले आहेत. ते गंजत नाहीत, अंगातून करंट जाऊ देत नाहीत आणि चाकांवर ढकलता येतात. पण मोठ्या टिनाच्या पेटीइतकी रुंद ताटी त्यांत मावत नाही, म्हणून ज्यांची बैठक प्रशस्त आहे ती मंडळी अजूनही खिडकीचे माप कागदावर टिपून पत्रेवाल्याकडेच जातात.