हिरवे कशाला म्हणायचे? युरोपची वर्गवारी आणि कासाडीचे पाणी

तळोजा औद्योगिक वसाहतीतल्या प्रत्येक कारखान्याला सरकारदरबारी एक रंग असतो. लाल, नारिंगी, हिरवा किंवा पांढरा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१६ साली ही पद्धत नव्याने बांधली. उद्योगाचा शंभरपैकी ‘प्रदूषण निर्देशांक’ काढायचा. २०१६ च्या त्या मांडणीत तो ६० किंवा त्याहून अधिक आला तर लाल, ४१ ते ५९ नारिंगी, २१ ते ४० हिरवा आणि २० पर्यंत पांढरा, असे ठरत होते. तेव्हा शंभरातले ४० गुण पाण्याच्या प्रदूषणाला, ४० हवेच्या आणि २० घातक कचऱ्याला होते. सौरपॅनेलपासून वीजनिर्मिती पांढऱ्या गटात, तर बहुतेक रसायन कारखाने लाल गटात येतात.

हा रंग कारखान्याच्या वागणुकीचा नसतो. तो त्या प्रकारच्या उद्योगाच्या उपद्रवक्षमतेचा असतो. लाल गटातला कारखाना नियम काटेकोर पाळणारा असू शकतो आणि हिरव्या गटातला बेपर्वा असू शकतो. आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. या शंभर गुणांच्या हिशेबात पृथ्वीचे तापमान वाढवणाऱ्या कार्बन डायऑक्साइडला वेगळा रकाना नाही. म्हणजे आपली रंगांची वही नदीकडे आणि कारखान्याच्या आसपासच्या हवेकडे पाहते. हवामानबदलाकडे पाहत नाही.

दुसरीकडे, गेल्या दहा वर्षांत ‘हिरवा’ हा शब्द बँका आणि शेअरबाजारात शिरला आहे. हिरवे रोखे, हिरव्या ठेवी, हिरवी कर्जे. केंद्र सरकारने जानेवारी आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये दोन हप्त्यांत सोळा हजार कोटी रुपयांचे सार्वभौम हरित रोखे विकले. रिझर्व्ह बँकेची हरित ठेवींची चौकट १ जून २०२३ पासून लागू झाली. या दुसऱ्या वहीत भर असतो तो कार्बनवर. त्यामुळे एकाच कारखान्याचा एका वहीत लाल रंग आणि दुसऱ्या वहीत हिरवे कर्ज, असे होऊ शकते आणि त्यात कुठलाही नियमभंग नसतो. या दोन वह्या एकत्र वाचायच्या कशा? या प्रश्नाला सर्वांत तपशीलवार लेखी उत्तर युरोपीय महासंघाने दिले आहे. ते आपण समजून घ्यायला हवे. युरोपची नक्कल करायची म्हणून नव्हे, तर आपल्या देशाची अशी वर्गवारी सध्या घडते आहे म्हणून.

युरोपने काय केले?

युरोपीय महासंघाचा ‘टॅक्सॉनॉमी’ कायदा, म्हणजे वर्गवारीचा नियम क्रमांक ८५२, जून २०२० मध्ये मंजूर झाला आणि १२ जुलै २०२० ला अमलात आला. यामागचे कारण नैतिकतेपेक्षा व्यवहाराचे होते. गुंतवणूकदार पर्यावरणपूरक उद्योगांत पैसा घालायला तयार होते, पण ‘पर्यावरणपूरक’ म्हणजे काय हे प्रत्येक फंड आपापल्या सोयीने ठरवत होता. जर्मनीतल्या डॉइश बँकेच्या ‘डीडब्ल्यूएस’ या गुंतवणूक कंपनीवर मे २०२२ मध्ये फ्रँकफर्टमध्ये छापे पडले. आपल्या गुंतवणुकी प्रत्यक्षात होत्या त्याहून अधिक हिरव्या दाखवल्याचा आरोप होता. सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या बाजार नियामकाने या कंपनीला १ कोटी ९० लाख डॉलरचा दंड केला आणि एप्रिल २०२५ मध्ये फ्रँकफर्टच्या सरकारी वकिलांनी अडीच कोटी युरोंचा. अशा हिरव्या मुलाम्याला आळा घालायचा, तर आधी शब्दाची व्याख्या हवी.

या कायद्याचे पहिले वैशिष्ट्य हे की तो कंपनीला शिक्का मारत नाही, कामाला मारतो. एका कंपनीची दहा कामे असतील, तर प्रत्येक कामाची परीक्षा वेगळी. परीक्षेसाठी सहा उद्दिष्टे ठरवली आहेत : हवामानबदल रोखणे, हवामानबदलाशी जुळवून घेणे, पाणी व सागरी संपत्तीचे रक्षण, वस्तूंचा पुनर्वापर करणारी अर्थव्यवस्था, प्रदूषण रोखणे, आणि जैवविविधता. काम ‘शाश्वत’ ठरायला चार अटी आहेत. सहापैकी निदान एका उद्दिष्टाला त्याने भरीव हातभार लावला पाहिजे. उरलेल्या पाचांपैकी एकाचीही लक्षणीय हानी करता कामा नये. कामगारांचे आणि माणसांचे मूलभूत हक्क पाळले पाहिजेत. आणि हे सारे आकड्यांत बांधलेल्या तांत्रिक निकषांवर उतरले पाहिजे.

आकडे कसे असतात, याचे एक उदाहरण. वीजनिर्मितीसाठी सर्वसाधारण मर्यादा आहे एका युनिटमागे, संपूर्ण जीवनचक्राचा हिशेब धरून, १०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. कोळशावरची वीज एका युनिटमागे साधारण नऊशे ग्रॅम ते एक किलो सोडते. तिथे वादाला जागाच उरत नाही.

मग कंपनीने वार्षिक अहवालात तीन टक्केवाऱ्या द्यायच्या : उलाढालीतला किती भाग या निकषांत बसतो, भांडवली खर्चातला किती, आणि चालू खर्चातला किती. इथे दोन शब्दांतला फरक महत्त्वाचा आहे. काम यादीत असेल तर ते ‘पात्र’. निकष पूर्ण करत असेल तरच ‘अनुरूप’. समजा, एका कंपनीची उलाढाल शंभर कोटींची आहे. त्यातली साठ कोटींची कामे यादीत आहेत, पण निकषांवर वीस कोटींचीच उतरतात. ही कंपनी ६० टक्के पात्र आणि २० टक्के अनुरूप. जाहिरातीत साठ छापायचा मोह कुणालाही होईल; कायदा दोन्ही आकडे मांडायला लावतो. भांडवली खर्चाचा आकडा तर उलाढालीपेक्षाही बोलका असतो. उलाढाल कंपनी आज काय आहे ते सांगते, भांडवली खर्च ती कुठे निघाली आहे ते सांगतो.

प्रतवारी आपल्याला नवी नाही

वर्गवारी करून त्यावर पैशाचा व्यवहार उभारणे हे महाराष्ट्राला अपरिचित नाही. इंग्रजी अमलात दख्खनमधली जमीन मोजून तिची प्रत ठरवण्याचा पहिला मोठा प्रयोग १८२७-२८ च्या सुमारास प्रिंगल या अधिकाऱ्याने केला. प्रत्येक जमिनीचे निव्वळ उत्पन्न काढून त्यावर सारा बसवायचा, अशी ती गुंतागुंतीची रचना होती. कागदावर ती शास्त्रशुद्ध होती, व्यवहारात कोसळली. मग १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यापासून नवी पद्धत सुरू केली. मातीची खोली आणि पोत पाहून सोळा आण्यांपासून दोन आण्यांपर्यंत नऊ प्रती पाडल्या. शिवाय दोषांची यादी ठरवली : मातीत चुनखडीचे खडे, वाळूचे मिश्रण, उतार, पाणी साचणे इत्यादी. एक दोष आढळला की जमीन एक प्रत खाली. शेतात उभे राहून, खणून, डोळ्यांनी पडताळता येणारे हे निकष होते. म्हणून ही पद्धत पुढे मुंबई इलाख्यात पसरली आणि टिकली. सारा न्याय्य होता की नाही हा वेगळा वाद.

या जुन्या प्रतवारीशेजारी युरोपची वर्गवारी ठेवली की दोन गोष्टी दिसतात. पहिली : जमिनीच्या प्रतवारीत दोष प्रत कमी करत असे, जमीन बाद करत नसे. युरोपच्या पद्धतीत एक गंभीर दोष सापडला की ते काम ‘शाश्वत’ या यादीतून पूर्ण बाहेर जाते. कार्बन कितीही वाचवा, नदी बिघडवलीत तर गुण शून्य. दुसरी : गुंतागुंत वाढली की पद्धत स्वतःच्याच वजनाखाली दबते, हा प्रिंगलचा धडा युरोपलाही आता मिळतो आहे. अहवालांचे तक्ते इतके वाढले की कंपन्यांनी आरडाओरड केली. फेब्रुवारी २०२५ मध्ये युरोपीय आयोगाने अहवालाची सक्ती फक्त मोठ्या कंपन्यांपुरती ठेवण्याचा प्रस्ताव मांडला आणि जुलै २०२५ मध्ये तक्ते बरेच आटोपशीर करणारे बदल स्वीकारले.

राजकारणही यात आहेच. २०२२ मध्ये अणुऊर्जा आणि काही अटींवर नैसर्गिक वायूवरची वीज यादीत घेतली गेली. वायूला युनिटमागे १०० ऐवजी २७० ग्रॅमची थेट उत्सर्जनाची सवलत, जुन्या प्रकल्पाची जागा घेण्याच्या आणि २०३० पर्यंत परवाना मिळवण्याच्या अटींसह. ऑस्ट्रिया याविरुद्ध न्यायालयात गेला. १० सप्टेंबर २०२५ रोजी युरोपीय महासंघाच्या सामान्य न्यायालयाने त्याची याचिका फेटाळली. म्हणजे ही यादी निसर्गनियमांसारखी अढळ नाही. ती माणसांनी वाटाघाटी करून लिहिलेली आहे. पण लिहिलेली असल्यामुळे तिच्याविरुद्ध न्यायालयात तरी जाता येते.

कासाडीकाठी ही फूटपट्टी लावली तर

ऑगस्ट २०१७ मध्ये तळोज्याच्या रस्त्यांवर निळ्या रंगाची कुत्री फिरताना दिसली आणि त्यांची छायाचित्रे जगभर पोहोचली. त्यानंतर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने रंगद्रव्याच्या एका कारखान्यावर बंदची कारवाई केली. निळा रंग डोळ्यांना दिसला म्हणून बातमी झाली. वसाहतीजवळून वाहत खाडीला मिळणाऱ्या कासाडी नदीचे दुखणे त्याहून जुने आहे. त्याचा खटला राष्ट्रीय हरित लवादापुढे चालला. खाडीतल्या मासेमारीवर जगणाऱ्या कोळी कुटुंबांनी जाळ्यात येणारी मासळी घटल्याची तक्रार वर्षानुवर्षे केली आहे आणि कामोठे, कळंबोली, खारघर इथले रहिवासी रात्रीच्या उग्र वासाबद्दल. केंद्रीय मंडळाने २००९ साली देशातल्या औद्योगिक क्षेत्रांचे प्रदूषण मोजले, तेव्हा नवी मुंबई ‘अतिगंभीर प्रदूषित’ गटात होती.

तळोज्यात नायट्रिक आम्लही बनते. हे काम युरोपच्या यादीत ‘पात्र’ आहे. ते बनवताना नायट्रस ऑक्साइड सुटतो. शंभर वर्षांच्या हिशेबात त्याचा एक टन सुमारे २७० टन कार्बन डायऑक्साइडइतका तापदायक असतो. योग्य उत्प्रेरक बसवून तो खूप कमी करता येतो. आता कुठलाही एक कारखाना डोळ्यांसमोर न ठेवता कल्पना करा. एखाद्या उत्पादकाने हिरवे कर्ज घेऊन ही यंत्रणा बसवली. कार्बनच्या वहीत हा मोठा विजय, आणि तो खरा विजय आहे. पण त्याच कारखान्याचे सांडपाणी मर्यादा ओलांडून नाल्यात जात असेल तर? फक्त कार्बन मोजणारी वर्गवारी म्हणेल, हिरवे. फक्त रंगांची वही म्हणेल, लाल. युरोपची वर्गवारी दोन्ही प्रश्न एकाच टेबलावर मांडते आणि उत्तर देते, नापास. आधी पाणी सुधारा. रासायनिक उत्पादनासाठी तिथे उत्सर्जनाची पातळी उपलब्ध उत्तम तंत्रज्ञानाने गाठता येते तेवढीच असावी, अशी अट आहे.

आपली यादी लिहिली जात असताना

जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी हवामान वित्तपुरवठ्यासाठी भारतीय वर्गवारी करण्याची घोषणा केली. मे २०२५ मध्ये तिच्या चौकटीचा मसुदा अर्थ मंत्रालयाने लोकांपुढे ठेवला. नावाप्रमाणे तिचा भर हवामानावर आहे : उत्सर्जन कमी करणे, बदलत्या हवामानाशी जुळवून घेणे, आणि पोलाद-सिमेंटसारख्या अवघड उद्योगांना हळूहळू वळवणे. भारतासारख्या देशाला वळणाचा रस्ता लागतोच. युरोपचा ‘पास किंवा नापास’ इथे जसाच्या तसा चालणार नाही. इथे गोल्डस्मिड-विंगेटच्या प्रतींसारख्या पायऱ्या अधिक उपयोगी पडतील. पण नदी, हवा आणि कामगार यांच्या हानीची अट आकड्यांत बांधून प्रत्येक पायरीला जोडली नाही, तर दोन वह्या वेगळ्याच राहतील.

यासाठी नवी कागदपत्रे निर्माण करायचीही गरज नाही. सेबीच्या नियमानुसार बाजारमूल्यातल्या पहिल्या एक हजार नोंदणीकृत कंपन्या २०२२-२३ पासून व्यवसाय जबाबदारी व शाश्वतता अहवाल देतात. मात्र तो अख्ख्या कंपनीचा असतो. तळोज्याचा कारखाना आणि गुजरातचा कारखाना त्यात एकाच बेरजेत मिसळतात. कारखान्यागणिक माहिती आहे ती दुसरीकडे. मंडळाची संमतिपत्रे एकेका कारखान्याची असतात, आणि पर्यावरण संरक्षण नियमांखाली संमतिपत्राची गरज असलेल्या उद्योगाने दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत ‘फॉर्म पाच’ भरून पाणी, कच्चा माल, प्रदूषके आणि कचरा यांचा हिशेब द्यायचा असतो. हिरवे कर्ज देणाऱ्या बँकेने हा फॉर्म आणि संमतिपत्रातल्या अटींच्या पालनाचा इतिहास मागावा, आणि तो कर्जाच्या अहवालाबरोबर लोकांना वाचता यावा, एवढी एक ओळ नियमात आली तरी पुष्कळ होईल.

सामान्य ठेवीदाराच्या हातातही काही आहे. हरित ठेव घेणाऱ्या बँकेने त्या पैशाच्या वापराबाबत धोरण जाहीर करणे आणि त्या वापराची दरवर्षी त्रयस्थाकडून पडताळणी करून घेणे रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केले आहे. ठेव ठेवताना तीन प्रश्न विचारावेत. माझा पैसा कुठल्या कामाला गेला? ते काम हिरवे कुठल्या आकड्यावरून ठरले? आणि त्या कामाने जवळच्या पाण्याचे, हवेचे काय केले, ते कुणी तपासले? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे बँकेकडे असायला हवीत. तिसऱ्याचे उत्तर आज बहुधा मिळणार नाही. पण तो प्रश्न पुरेशा लोकांनी विचारला, तर आपल्या वर्गवारीत त्याच्यासाठी रकाना ठेवावा लागेल.