तिरक्या भिंतींचं चर्च

मागच्या भागात आपण नकाशा हातात घेऊन वास्तू वाचली. या आठवड्यात उलट जाऊ: वास्तू मोजून नकाशा काढू. त्यासाठी इस्तंबूलमधलं संत सर्जियस आणि बॅकस यांचं चर्च घेऊ. सम्राट जस्टिनियननं ते ५२७ ते ५३६ च्या दरम्यान बांधलं. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याची मशीद झाली आणि आज ते कुचुक आयासोफिया, म्हणजे धाकटी आयासोफिया, या नावानं ओळखलं जातं.

बायझंटाईन वास्तूवर प्रकल्प करायचा म्हटलं की आर्किटेक्चरची मुलं थेट थोरल्या आयासोफियाकडे वळतात. पण तिचा घुमट जमिनीपासून सुमारे ५५ मीटर उंच. चार जणांच्या गटाला ती इमारत फक्त बघता येते, मोजता येत नाही. धाकटी मोजता येते, आणि शिकायला तेच हवं.

बाहेर चौकोनी भिंती, आत आठ भक्कम खांबांचा अष्टकोन, त्यावर घुमट. ऐकायला सोपं. प्रत्यक्षात बाहेरचा चौकोन काटकोनात नाही आणि आतला अष्टकोन त्या चौकोनाच्या मानानं तिरका बसलाय. इथेच विद्यार्थ्याचा हात ‘दुरुस्ती’ करायला शिवशिवतो. तो आवरा.

नुसत्या बाजू मोजून भागत नाही, कारण चारही बाजू तेवढ्याच ठेवून चौकोन हवा तसा कलतो. एक कर्ण मोजला की त्याचे दोन त्रिकोण होतात, आणि त्रिकोण कलत नाही. पुढची पायरी जास्त महत्त्वाची. प्रत्येक खांबापासून बाहेरच्या भिंतीवरच्या दोन ठरलेल्या बिंदूंपर्यंतचं अंतर घ्या. हे न करता अष्टकोन वेगळा आणि भिंती वेगळ्या मोजल्या, तर घरी ड्रॉइंग लावताना दोघांचे मध्य नकळत जुळवले जातात. मग या वास्तूतली सगळ्यात बोलकी गोष्ट कागदावर उतरतच नाही.

ती गोष्ट अशी. सिंहासनावर येण्याआधी जस्टिनियन इथल्याच होर्मिस्दास राजवाड्यात राहत होता. त्या परिसरात, या चर्चच्या दक्षिणेला अगदी खेटून, संत पीटर आणि पॉल यांचं चर्च होतं. म्हणजे नव्या बांधकामाला मोकळी जागा मिळालीच नाही. आधीच्या भिंतींशी जमवून घेत ते उभं राहिलं. तिरकेपणाचं हे कारण मला पटतं. ते शेजारचं चर्च आज नाही. त्याची आठवण या भिंतींच्या कोनांत आहे, म्हणून अर्ध्या अंशाचा फरकसुद्धा मला मोलाचा वाटतो.

खालच्या मजल्यावर संगमरवरी खांबांवर कमानी नाहीत, सरळ तुळई आहे. कमानी वरच्या सज्जात. तुळईवर खोल कोरलेल्या वेलबुट्टीतून ग्रीक अक्षरांची ओळ फिरते. तीत जस्टिनियन आहे, सम्राज्ञी थिओडोरा आहे, संत सर्जियस आहे. बॅकसचं नाव मात्र नाही. या तुळईचा एक तुकडा तरी १:१० प्रमाणात काढाच.

घुमट भोपळ्यासारखा फाकांचा आहे. एकूण सोळा फाका: आठ सपाट, आठ आतून खोलगट, एकाआड एक. खोलगट फाका अष्टकोनाच्या कोपऱ्यांवर येतात आणि आठ बाजूंवरून गोलाकाराकडे जाण्याचा अवघड प्रश्न तिथे सुटतो. त्यामुळे एका छेदावर समाधान मानू नका. एक छेद सपाट फाकेतून घ्या, दुसरा खोलगट फाकेतून, आणि दोन्ही एकाच प्रमाणात शेजारी शेजारी लावा.